गोल, त्रिकोण, फुली

माझ्या निळ्या शर्टाला पुढे सात बटणं आहेत आणि बाह्यांना दोन. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मला हे माहीत नव्हतं. आपल्या शर्टाची बटणं मोजायची वेळ कुणावर येऊ नये, पण आलीच तर काय करावं आणि मुख्य म्हणजे काय करू नये, हे सांगण्यासाठी लिहितोय.

मला पार्किन्सन्स आहे. मी बरा झालेलो नाही आणि एवढ्यात होणारही नाही. पण औषधावर माझं चाललंय. ऑफिसला जातो, बायकोशी भांडतो, आवडलं तर दोनदा भात घेतो. गेल्या महिन्यात तोक्योजवळच्या ग्योतोकुच्या आमच्या मराठी मंडळींपैकी एकाचा फोन आला. "माझ्या मोठ्या भावाला पार्किन्सन्स निघालाय. तुम्ही काय केलंत?" मी अर्धा तास बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सगळं सांगितलं, फक्त मी केलेला गाढवपणा तेवढा सांगितला नाही. खरं तर सांगण्यासारखं तेच होतं.

वास आणि हसू

सुरुवात नाकापासून झाली, पण ते मला फार उशिरा कळलं. माझी बायको वृषाली निशी-कसाईतल्या आठ एकट्या राहणाऱ्या मुलांना डबे देते. त्यामुळे आमच्या घरात सकाळी सहापासून फोडण्या चाललेल्या असतात. एकदा तिने विचारलं, "हिंग जास्त पडलाय का रे?" मला हिंगच काय, करपलेली मोहरीसुद्धा कळली नव्हती. वसंत ऋतू होता, परागकणांनी अर्धं तोक्यो शिंकत होतं. मी म्हटलं, माझं नाकही त्यातच गेलं असेल.

मग हात. चालताना माझा उजवा हात हलेनासा झाला. ते माझ्या मुलीनं, ईरानं, पाहिलं. ती इथेच वाढली. मराठी सगळी कळते, पण उत्तर जपानीत नाहीतर इंग्रजीत येतं. स्टेशनवरून घरी येताना म्हणाली, "बाबा, युअर हँड इज स्लीपिंग." आणि काही दिवसांनी जेवताना, "बाबा, आर यू अँग्री?"

"नाही गं. का?"

"तुझा चेहरा," ती चक्क मराठीत म्हणाली. "हसत नाहीये."

मी हसलो. म्हणजे मला वाटलं की मी हसलो. ती तशीच बघत राहिली.

काजू

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी ऑफिसातून फक्त दोन तासांची सुट्टी घेतली होती. यावरून मला काय अपेक्षित होतं याचा अंदाज यावा.

तामाकी-सेन्सेई, म्हणजे डॉक्टर तामाकी, हे नाव ऐकून मी एखादे भारदस्त गृहस्थ असतील असं धरून चाललो होतो. समोर आल्या त्या पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाई. आठवड्यातले दोन दिवस त्या रुग्ण बघतात आणि उरलेले दिवस मेंदूतल्या डोपामाईनवर संशोधन करतात. त्यांनी माझ्या मेंदूचा एक फोटो स्क्रीनवर लावला आणि शेजारी एका निरोगी माणसाचा. निरोगी फोटोत मधोमध दोन चकाकणारे काजू होते. माझ्यात एका बाजूला अर्धा काजू होता आणि दुसऱ्या बाजूला वाटाणा.

"मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो," त्या म्हणाल्या. "तिथून डोपामाईन या भागात येतं. हालचाल सुरू करायला ते लागतं. तुमच्याकडे ते कमी येतंय, कारण त्या पेशी कमी झाल्या आहेत."

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून पोट भरतोय. तोंडातून सवयीनं प्रश्न गेला, "मूळ कारण काय?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शोधतोय."

पंचवीस वर्षं त्याच एका प्रश्नामागे घालवलेल्या बाईनं इतक्या सरळ चेहऱ्यानं "माहीत नाही" म्हणावं, याचं मला त्या भीतीतही कौतुक वाटलं. आमच्या मीटिंगांमध्ये हे वाक्य ऐकायला कान तरसतात.

वृषालीनं एकच प्रश्न विचारला आणि मी तो जपानीत केला. "पथ्य काय?" सेन्सेई म्हणाल्या, "काही नाही. सगळं खा, चौरस खा." हे वाक्य लक्षात ठेवा.

संध्याकाळी साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल केला. "कंपवात म्हणतात तो का?" तिनं विचारलं. "पण तुझा हात कुठे थरथरतोय?"

"सगळ्यांचाच थरथरत नाही, आई. माझा नुसता अडतो."

 मग आईनं जे करायचं तेच केलं, म्हणजे सूचना दिल्या. "असल्या गोळ्या उष्ण पडतात. रिकाम्या पोटी अजिबात घ्यायची नाही. दुधाबरोबर घे. वृषाली, ऐकतेस ना गं? त्याला ताकदीचं खायला घाल."

"हो आई, घालते," वृषाली म्हणाली.

औषधाच्या दुकानातून मिळालेल्या कागदावर पाण्याबरोबर घ्या असं लिहिलं होतं. ते मी वाचलंही होतं. मी म्हटलं, पाणी काय आणि दूध काय!

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे सकाळी मुगाची धिरडी, पनीर नाहीतर अंडी, वाटीभर दही, भिजवलेले बदाम आणि वर पेलाभर हळदीचं दूध सुरू झालं. त्या दुधाबरोबर गोळी.

रोजचा अहवाल

हॉस्पिटलनं एक वही दिली होती. दिवसाचे तास आखलेले, आणि प्रत्येक तासापुढे तीनपैकी एक खूण करायची. चांगलं चाललं असेल तर गोल, मध्यम असेल तर त्रिकोण, हालचाल अडत असेल तर फुली. जपानमध्ये शाळेच्या पेपरांपासून रेस्टॉरंटच्या आरक्षणापर्यंत याच खुणा चालतात, त्यामुळे समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

माझं खरं असं होतं की सकाळी माझ्याकडून बटणं लागत नव्हती. बटण बोटांत यायचं, काजापाशी जायचं, आणि तिथे बोटं थांबायची. दुखत काही नव्हतं. हात नुसता हुकमाची वाट बघायचा आणि हुकूम यायचाच नाही. म्हणून मी शर्ट घेऊन बाथरूममध्ये जायचो, आतून कडी लावायचो, नळ थोडा सोडून ठेवायचो आणि नऊ बटणांशी झुंजायचो. बाहेर आलो की म्हणायचो, "चला, उशीर झाला."

आणि ट्रेनमध्ये जागा मिळाली की वही काढून आदल्या आठवड्याचे सगळे गोल एका दमात भरायचो. अगदीच खोटं दिसू नये म्हणून मध्ये एखादा त्रिकोण टाकायचो.

का? वृषाली पहाटे उठून माझ्यासाठी एवढं करत होती, तिला कसं सांगायचं की काही उपयोग होत नाहीये? सेन्सेई इतक्या काळजीनं विचारायच्या, त्यांना नाराज कसं करायचं? इथे वीस वर्षं राहून कुणीही "कसं काय?" विचारलं की तोंडातून आपोआप "दाईजोबु," म्हणजे ठीक आहे, हेच बाहेर पडतं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं कारण असं की मी घाबरलो होतो. फुली केली असती तर ती मलाही वाचावी लागली असती.

टेस्ट न चालवता अहवाल भरणाऱ्या दोन मुलांना मी माझ्या टीममधून काढलेलं आहे. ट्रेनमध्ये गोल काढताना त्यांची आठवण यायची. मी पान उलटायचो.

महिन्यातून एक दिवस मात्र सकाळ बरी जायची. संकष्टीचा. आमच्याकडे संकष्टी कडक असते. चंद्र दिसेपर्यंत पाणी आणि कोरा चहा, दूधसुद्धा नाही. रिकाम्या पोटी गोळीचं काय, असं मी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "बाप्पाच्या दिवशी काही होत नाही." आणि खरंच त्या दिवशी बटणं लागायची. मी आईला फोनवर सांगितलं. "पावला हो," ती म्हणाली आणि तिथूनच हात जोडले. मीही जोडले. वीस वर्षं टेस्टिंग केलेल्या माणसाला, त्या दिवशी वेगळं काय केलं, हा प्रश्न पडला नाही.

दुसरं नाव

चार महिन्यांत सेन्सेईंनी दोनदा औषध वाढवलं. पाचव्या महिन्यात त्यांनी मला बोटं आपटायला लावली, व्हरांड्यात चालवलं आणि मग वही बराच वेळ चाळली.

"वही म्हणते तुम्ही छान आहात," त्या म्हणाल्या. "मला मात्र तुम्ही तितकेसे छान दिसत नाही."



"गोरे-सान, मी स्पष्ट सांगते. त्या फोटोवरून डोपामाईन कमी आहे एवढंच कळतं. आजार नेमका कोणता ते कळत नाही. पार्किन्सन्सला हे औषध लागू पडतं. पण त्याच्यासारखे दिसणारे दुसरे काही आजार आहेत. त्यांत औषधाचा फारसा उपयोग होत नाही, आणि ते वेगानं वाढतात. एवढ्या औषधानं फरक पडत नसेल, तर मला त्या दिशेनंही बघावं लागेल."

त्यांनी आठवडाभर भरती व्हायला सांगितलं. काही दिवस नीट पाहू आणि एका सकाळी औषधाची पक्की परीक्षा घेऊ, म्हणाल्या. तोपर्यंत पार्किन्सन्स हा माझ्या लेखी जगातला सगळ्यात वाईट शब्द होता. त्या दुपारपासून तो खरा ठरावा म्हणून मी देवाची करुणा भाकायला लागलो.

वृषालीला मी फक्त "तपासण्या आहेत" एवढंच सांगितलं. मोबाईलवर त्या दुसऱ्या आजारांबद्दल वाचलं. तुम्ही वाचू नका. वाचून माझा एकही तास सुधारला नाही.

वॉर्ड

जपानी हॉस्पिटलमध्ये सगळ्यात आधी माणसाची लाज जाते. सकाळी सहाला ताप, मग रक्तदाब, मग नर्स अत्यंत आदरार्थी भाषेत काल किती वेळा शौचाला झालं ते विचारते आणि लिहून घेते. सपाता चालत नाहीत, टाच झाकलेले बूट लागतात. जेवण घड्याळाच्या काट्यावर येतं. माझ्या ताटातल्या वाटीवर "मांस नाही, मासे नाहीत" अशी चिठ्ठी असायची, आणि ती चिठ्ठी रोज न चुकता सरळ लावलेली असायची.

तिथल्या एका तरुण नर्सबद्दल सांगायलाच हवं. पहिल्या सकाळी मी शर्टाशी झगडत बसलो होतो. ती आली आणि पलंगापाशी वाकून म्हणाली, "मदत करू का?" मी म्हटलं, "दाईजोबु." ती "बरं" म्हणाली आणि तिथेच थांबली. घड्याळाकडे बघितलं नाही, हात पुढे केला नाही, उसासाही टाकला नाही. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, त्याच आवाजात. मी पुन्हा नको म्हटलं. मदत करणारे खूप भेटतात. विचारून थांबणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी वृषाली आली. सेन्सेई स्टूल ओढून बसल्या. उद्या परीक्षा होती. "घरची सकाळ मला सांगा," त्या म्हणाल्या. "उठल्यापासून, क्रमानं."

बिघाड कळला की आम्ही नेमकं हेच विचारतो. आधी काय केलंत, मग काय केलंत. मी सुरू केलं. सहाला उठतो, सातला नाश्ता, त्याबरोबर गोळी...

"नाश्त्याला काय?"

मी वृषालीकडे पाहिलं. तिनं पिशवीतून तिची वही काढली. ही डब्यांची वही. कुणाला काय दिलं ते तीत असतं, म्हणजे तीच भाजी लागोपाठ जात नाही. शेवटच्या रकान्यात घरचा नाश्ता लिहिलेला होता. मी वाचून जपानीत सांगत गेलो. सोमवार, मुगाची धिरडी, दही, दूध. मंगळवार, पनीर पराठा, दूध. सेन्सेईंच्या भुवया हळूहळू वर जायला लागल्या.

"आणि हे काय?" त्यांनी बोट ठेवलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी "बा." लिहून एक आकडा होता. बा. ३५. बा. ४०. बा. ३८.

मलाही माहीत नव्हतं. "वृषाली, हे बा. म्हणजे काय?"

ती खाली बघून म्हणाली, "बाथरूम. तू आत जाऊन कडी लावतोस तेव्हापासून बाहेर येईपर्यंत. मिनिटं."

 पाच महिने ती दाराबाहेर उभी होती. नळाचा आवाज ऐकत, पोळ्या लाटता लाटता घड्याळ बघत. एका शब्दानं बोलली नव्हती, कारण मी बोललो नव्हतो.

आणि आता हे मलाच जपानीत सांगायचं होतं. सेन्सेई वाट बघत होत्या. मी सांगितलं. "माझी बटणं लागायला लागणारी मिनिटं," मी म्हणालो. 

सेन्सेईंनी वही हातात घेतली. त्यांना देवनागरी येत नाही, आकडेही मी खाली त्यांच्या लिपीत लिहून दिले. त्या ओळीमागून ओळ उतरत गेल्या आणि एके ठिकाणी थांबल्या. बा. ८. पानं उलटली. पुन्हा एक आठ. पुन्हा एक नऊ.

"या दिवशी काय होतं?"

"संकष्टी," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मी समजावलं. महिन्यातून एकदा उपास, चंद्र दिसेपर्यंत. कोरा चहा, पाणी. दूध नाही. गोळी पाण्याबरोबर. बोलता बोलताच माझं मलाच ऐकू आलं.

सेन्सेईंनी कागदावर स्टेशनातलं तिकिटाचं गेट काढलं. औषध पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या फाटकांतून जातं, त्याच फाटकांतून दूध, डाळ, पनीर यांच्यातल्या प्रथिनांचे तुकडेही जातात. दोन्ही एकाच वेळी आले की गोळी रांगेत मागे राहते. सगळ्यांच्याच बाबतीत एवढा फरक पडतो असं नाही, त्या म्हणाल्या. काहींच्या बाबतीत पडतो.

वृषालीला मी ते सांगितलं.  "म्हणजे रोज सकाळी उठून मीच तुझं औषध वाया घालवत होते?"

हे वाक्य मी जपानीत केलं नाही. गरज नव्हती. सेन्सेई उठून उभ्या राहिल्या आणि वृषालीसमोर कमरेत वाकल्या. "सगळं खा, असं मी सांगितलं. गोळी कशाबरोबर घेता, हे विचारलं नाही. चूक माझी आहे." मग वही दोन्ही हातांनी परत देत म्हणाल्या, "ओकुसान," म्हणजे वहिनी, "ही वही नसती तर कदाचित मी यांच्या आजाराचं नाव बदललं असतं."

आता माझी पाळी होती. मी माझी वही उशीखालून काढली. "सेन्सेई, ही मी ट्रेनमध्ये भरली. गोल खोटे आहेत."

मला वाटलं, रागावतील. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. "गोल बघून मला काहीच करता येत नाही, गोरे-सान," त्या म्हणाल्या. "फुली दिसली की मला काम मिळतं."

नाक

पण परीक्षा व्हायचीच होती. वहीवरून अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. कदाचित दूध निमित्तमात्र असेल आणि आजार दुसराच असेल.

आदल्या संध्याकाळपासून औषध बंद होतं. सकाळी मी लाकडासारखा होतो. रिकाम्या पोटी गोळी आणि पेलाभर पाणी दिलं. सेन्सेई, स्टॉपवॉच घेतलेली ती तरुण नर्स आणि वृषाली माझ्याभोवती बसल्या. दहा मिनिटं झाली. काही नाही. बोटं आपटून दाखवा. तशीच. वीस मिनिटं. तशीच.

वेळ घालवायला सेन्सेई त्यांच्या कामाबद्दल बोलायला लागल्या, आणि मी तो आजार विसरून ऐकत राहिलो. लोकांना वाटतं की डोपामाईन म्हणजे सुख, त्या म्हणाल्या. पण त्या पेशी खरं तर एक हिशेब ठेवतात. जे मिळेल असं वाटलं होतं आणि जे प्रत्यक्षात मिळालं, त्यातला फरक. अनपेक्षित चांगलं घडलं की त्या जोरात बोलतात. अपेक्षित गोष्ट आली नाही की गप्प होतात. त्यावरून मेंदू शिकतो. "आत्ता तुम्ही वाट बघताय ना? चांगलं होईल या अपेक्षेनंसुद्धा थोडं डोपामाईन सुटतं. तुमच्यासारख्यांच्या मेंदूतही."

एवढ्याशा काळ्या पट्ट्यात हे सगळं चालतं, आणि एक बाई पंचवीस वर्षं कॅनव्हासचे बूट घालून त्याच्या मागे चालतेय. माझी भीती तेवढा वेळ कुठे गेली कोण जाणे.

पस्तीस मिनिटं झाली. वृषाली पदराचं टोक पिळावं तशी ओढणी पिळत होती. मी तिला म्हणालो, "अगं, फाटेल ती," आणि नाक खाजवलं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय झालं?"

"उजव्या हातानं," वृषाली म्हणाली.

मी हाताकडे पाहिलं. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. तो आपणहून गेला होता आणि परत मांडीवर येऊन बसला होता, जसा पूर्वी पन्नास वर्षं बसायचा. सेन्सेईंनी बोटं आपटायला लावली. आपटली. चालायला लावलं. हात झुलला. मग निळा शर्ट दिला आणि नर्सनं स्टॉपवॉच दाबलं. नऊ बटणं, एका मिनिटाच्या आत.

"पार्किन्सन्स," सेन्सेई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच दात दाखवून हसल्या. "अभिनंदन म्हणायची ही पद्धत नाही, पण..."

मीही हसलो. वृषालीनं लगेच मोबाईल काढून ईराला व्हिडिओ लावला. ती शाळेच्या गेटपाशी होती. माझं तोंड बघून ओरडली, "आ, वारात्ता!" हसला! मग रडायला लागली. तिला वाटत होतं की मी तिच्यावर रागावलोय. इतके महिने तिला तेच वाटत होतं.

त्या दिवसापासून गोळी पाण्याबरोबर, आणि दूध-डाळ बऱ्याच वेळानं. मी प्रथिनं सोडलेली नाहीत, वेळ बदलली आहे. तीही सेन्सेईंना विचारून. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारा. माझी सकाळ ही तुमची सकाळ नव्हे.

आईला सगळं सांगितलं.  ऐकून घेऊन ती म्हणाली, "पण संकष्टीला बरं वाटत होतं की नाही?"

"वाटत होतं."

"मग झालं तर!" ती म्हणाली. "दाखवलं ना त्यानं? तुम्हालाच दिसलं नाही." 

सेंदाई

गेल्या शरद ऋतूत सेन्सेईंनी विचारलं की सेंदाईच्या एका प्रयोगशाळेतल्या अभ्यासात भाग घ्याल का? स्कॅनरमध्ये पडून दोन चित्रांतलं एक निवडायचं, कधी बक्षीस मिळतं कधी नाही, आणि मेंदू त्यातून कसा शिकतो ते बघायचं. एकदा औषध घेऊन, एकदा न घेता. यातून मला काहीही मिळणार नव्हतं. त्यांनी हे तीनदा सांगितलं. मी पहिल्याच वेळी हो म्हटलं होतं. ज्या बाईनं मला "माहीत नाही, शोधतोय" म्हटलं होतं, तिच्या शोधात माझा अर्धा काजू आणि वाटाणा कामी येत असतील तर घ्या म्हटलं.

आदल्या दिवशी वृषाली आणि मी सेंदाईला जाऊन हॉटेलात राहिलो. आठही डब्यांना तिनं सुट्टी दिली. सकाळी औषध घ्यायचं नव्हतं. खोली एवढीशी, बाथरूम त्याहून लहान. मी सवयीनं शर्ट घेऊन आत गेलो, कडीला हात लावला. आरशात बघितलं. त्या नर्सचं विचारून थांबणं आठवलं. मग दार उघडून उघड्या शर्टानं तसाच बाहेर आलो.

वृषाली पलंगावर बसून बूट घालत होती.

"लाव गं," मी म्हणालो.

ती उठली. खालून वर लावत आली. गळ्याजवळच्या बटणापाशी थोडी थांबली, ते उगाचच दोनदा लावलं, आणि मग बाह्यांकडे वळली. 

प्रयोगशाळेत गेल्या गेल्या त्यांनी सांगितलं की स्कॅनरसाठी कपडे बदलावे लागतील. म्हणजे नऊच्या नऊ बटणं पुन्हा काढायची. आम्ही दोघं इतके हसलो की तिथला संशोधक गोंधळून गेला. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं की नाही, माहीत नाही. त्यानं फॉर्म पुढे केला. सध्याची स्थिती: गोल, त्रिकोण, फुली. मी पेन घट्ट धरलं आणि वाकडीतिकडी, पण चांगली मोठी फुली काढली.

"धन्यवाद," तो मान लववून म्हणाला. "फार उपयोग होईल."

परतीच्या गाडीत वृषालीला डुलकी लागली. तिच्या मांडीवर डब्यांची वही उघडीच होती. त्या दिवशी डबे नव्हते, तरी तिनं ओळ लिहिली होती. "सेंदाई. गोळी नाही. बा. ०. बटणं ३ मि., मी लावली."

मी पेन काढून त्या ओळीपुढे एक गोल केला. तो खरा होता.